पान्याच्या शोधार्थ पेठांतून

पुण्याच्या पेठांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. कोणी देवळांसाठी पेठा हिंडतो, कोणी वाड्यांसाठी, कोणी जुन्या पुस्तकांसाठी. गेल्या भाद्रपदात आम्ही हिंडलो ते मात्र एका आठ नंबरच्या पान्यासाठी. जन्मभर हातात खडू आणि रूपावली धरलेल्या, वयाची अडुसष्ट वर्षे उलटलेल्या शिक्षकाने मोटारसायकलच्या ब्रेकची हत्यारे शोधीत बोहरी आळीत फिरावे, या गोष्टीने आमच्या जुन्या सहकाऱ्यांची बरीच करमणूक झाली. परंतु या भ्रमंतीस जे कारण घडले ते हसण्यासारखे नव्हते. म्हणून प्रथम तेच सांगतो.

आमचे राहणे सासवडास. आमच्या कन्येचा मुलगा शिक्षणासाठी आमच्यापाशी असतो आणि रोज दिवे घाट उतरून पुण्यास महाविद्यालयात जातो. त्याच्या हाती असलेली मोटारसायकल आमचीच. सेवानिवृत्तीपूर्वी तीन वर्षे, 2012 साली घेतलेली. पुढे डिस्कचा ब्रेक, मागे लायनरचा. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हाच घाट चढून सासवडास येते, तेव्हा घाटभर टाळमृदंगाचा गजर असतो. एरवी तेथे मालमोटारींचा घरघराट. श्रावणातील एका उघडिपीच्या सकाळी आमचा नातू अशाच एका मालमोटारीच्या मागे अर्धा घाट ब्रेक दाबूनच उतरला, आणि खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसत असता पुढच्या ब्रेकची दांडी एकाएकी मुठीला जाऊन टेकली. दाब म्हणून लागेना. मुलाने प्रसंगावधान राखून गिअर खाली आणला, मागच्या ब्रेकावर गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि ती थांबविली. पाऊण तासाने दांडी पुन्हा थोडीफार लागू लागली, म्हणून तो हळूहळू पुढे गेला. संध्याकाळी ही हकीकत त्याने हसत हसत सांगितली. आमच्या सौभाग्यवतींच्या घशाखाली त्या रात्री घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका कारागिराकडे नेली. त्याने मुठीजवळच्या डबीत वरून नवे ब्रेक ऑइल ओतले आणि खालचे हवा काढण्याचे निपल पकडीने फिरविले. त्या खटपटीत निपलाचे कोपरे झिजून गोल झाले, डबीच्या झाकणाच्या स्क्रूची फुली खरवडली गेली, आणि आठवड्याने दांडी पुन्हा मऊ ती मऊच! त्या माणसास आम्ही बोल लावीत नाही. त्याच्यापाशी पक्कड आणि एक पेचकस एवढीच सामग्री होती. जाताना त्याने आम्हांस एक प्रश्न मात्र विचारला: "काका, हे ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?" आम्हांस उत्तर देता येईना. घरी येऊन गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका कपाटातून काढली, तेव्हा तिची पाने एकमेकांस चिकटलेली होती. आत लिहिले होते, दर दोन वर्षांनी बदलावे. आम्ही एकदाही बदलले नव्हते. छत्तीस वर्षे मुलांना 'धडा वाचून या' म्हणून दटावणाऱ्या मास्तरांनी स्वतः धडा उघडलाच नव्हता, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच्या मुलास होणार होती!

ही मऊ दांडी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सिद्धान्त शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो. आपण दांडी दाबतो, तो दाब नळीतील द्रवातून चाकापाशी जातो आणि पॅड डिस्कला आवळतात. बाजारात ज्यास ब्रेक ऑइल म्हणतात ते वस्तुतः तेल नव्हे. ग्लायकोल वर्गातील तो द्रव हवेतील ओलावा सतत शोषीत असतो. पुष्कळ गाड्यांस लागणारे 'डॉट 4' प्रतीचे ऑइल ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा 155 अंशांवर येते. घाटात ब्रेक धरून उतरताना डिस्क तापते, द्रव उकळतो, त्यात वाफ होते. वाफ दाबली की आक्रसते, पुढे दाब देत नाही. आणि थंड झाली की पुन्हा द्रव होते. पाऊण तासाने दांडी का लागली, याचा उलगडा आम्हांस असा झाला.

मग आम्ही ठरविले की हे काम आपण घरी, नातवाच्या हाताने, पुस्तिकेबरहुकूम करावयाचे. ज्याने रोज घाट उतरावयाचा त्याला आपला ब्रेक आतून ठाऊक असावा, हा त्यातील हेतू. नव्या धाटणीच्या गाड्यांत एबीएस नावाची विजेवर चालणारी यंत्रणा असते. 2019 सालच्या एप्रिलपासून सव्वाशे सीसींवरील नव्या दुचाकींस ती सक्तीची झाली आहे. तेथील हवा काढण्यास कित्येकदा कंपनीचे यंत्र जोडावे लागते, म्हणून त्या वाटेस घरच्या माणसाने जाऊ नये. आमची गाडी त्या आधीची, म्हणून हे धाडस.

हाती यादी घेऊन एका बुधवारी सकाळच्या बसने हडपसरमार्गे पुण्यास आलो आणि प्रथम नाना पेठ गाठली. दुचाकींचे सुटे भाग मिळण्याचे हे जुने ठिकाण. दुकानांच्या दाराशी चेन, टायर, आरसे यांची तोरणे लोंबतात आणि गिऱ्हाईक तोंड उघडण्यापूर्वीच "गाडी कोणती, साल कोणतं?" असा प्रश्न येतो. आम्ही साल सांगितले तसे समोर नवे पॅड, नवे निपल, नवी रबरी नळी आणि नळीच्या बोल्टाखाली बसणारे दोन तांब्याचे वायसर आले. ब्रेक ऑइलची मोठी बाटली आम्ही मागितली, तर दुकानदार लहानच देऊ लागला. तो म्हणाला, "सील फोडल्यावर उरलेलं ठेवू नका. बाटलीतसुद्धा ते पाणी ओढतं." अधिक माल खपविण्याची संधी हातची सोडणारा व्यापारी पाहून आम्हांस समाधान वाटले. तेथून निघताना ते नवे निपल आम्ही बंडीच्या खिशात वेगळे ठेवले. सोनाराची कसोटी असते तशी दिवसभर हीच आमची कसोटी होती.

नाना पेठेतून लक्ष्मी रस्ता ओलांडून रविवार पेठेत बोहरी आळीत शिरलो. बोहरी व्यापाऱ्यांवरून आळीस हे नाव पडले. अरुंद रस्ता, दोहों बाजूंस खिळे, कड्या, बिजागऱ्या, रंग, दोर, साखळ्या; हातगाडी समोरून आली की पायरीवर चढून उभे राहावे. येथे वस्तू नावाने मागून भागत नाही, मापाने मागावी लागते. एका वृद्ध बोहरी गृहस्थांच्या दुकानी आम्ही चाळीस नगांची चकचकीत पेटी पाहून तिची किंमत विचारली. त्यांनी पेटीस हातही लावला नाही. "काका, किंमत मग सांगतो. आधी सांगा, खोलायचंय काय?"

आम्ही खिशातील निपल काढून फळीवर ठेवले. त्यांनी ते चष्म्याजवळ धरले आणि मागून एकामागून एक पाने काढून त्यावर बसवून दाखविले. दुतोंडी फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो; जोर लागला की तोंड फाकते आणि कोपरे जातात. स्क्रू पान्याचा जबडा सैल, तो त्याहून वाईट. रिंग पाना सर्व बाजूंनी वेढतो. त्यातही बारा कोनांचा पाना कोपऱ्याच्या टोकाशी धरतो, सहा कोनांचा सपाट अंगाशी; म्हणून झिजलेल्या निपलास सहा कोनी गोटीच हवी. निपल आतून पोकळ असते, पिळवटले तर तुटून अर्धे कॅलिपरमध्येच राहते, हेही त्यांनीच बजावले.

पेचकसाच्या बाबतीत तर आमचे अज्ञान पूर्णच होते. फुलीचा पेचकस म्हणजे फुलीचा पेचकस, एवढेच आम्ही जाणीत होतो. अमेरिकेत 1936 साली हेन्री फिलिप्स यांच्या नावे ज्या फुलीचे पेटंट झाले ती एक, आणि जपानी प्रमाणाची फुली निराळी. दिसण्यात सख्ख्या बहिणी. परंतु जपानी धाटणीच्या स्क्रूत फिलिप्सचे टोक तळाशी नीट टेकत नाही, जोर देताच वर चढते आणि स्क्रू खरवडते. पुष्कळदा अशा स्क्रूच्या माथ्यावर एक बारीक ठिपका असतो. आमच्या डबीच्या झाकणावर तो ठिपका बारा-तेरा वर्षे होता!

शेवटी टॉर्क पान्याचा प्रश्न निघाला. हा पाना ठरविलेला जोर झाला की 'टक्' आवाज करितो. पुस्तिकेत आमच्या गाडीपुरते आकडे होते: नळीच्या बोल्टास 34 न्यूटन-मीटर, निपलास अवघे 6. प्रत्येक गाडीचे आकडे निराळे असतात, ते तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. दोहोंस मिळून एक पाना द्या, असे आम्ही म्हणताच ते गृहस्थ हसले. "एका तागडीत कांदे आणि सोनं तोलतात का?" मोठ्या पल्ल्याचा पाना लहान जोरास खरा बोलत नाही, असे त्याचे तात्पर्य. निवृत्तिवेतनातून दोन पाने घेणे जड होते. आम्ही बोल्टासाठी मधल्या पल्ल्याचा एक घेतला. काम झाल्यावर त्याचा आकडा तळाशी उतरवून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते, ही सूचनाही पदरात घेतली. चाळीस नगांची पेटी फळीवरच राहिली. आमच्या पिशवीत रिंग पाना, गोटी, पेचकस, पाच नंबरची एलन की आणि तो टॉर्क पाना अशी पाचच हत्यारे पडली.

बाहेर आल्यावर एका चहाच्या दुकानी टेकलो, तेव्हा विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे शिकविलेला एक विषय निराळ्याच अर्थाने मनात आला. पाणिनीने करण कारकाचे लक्षण सांगताना क्रियेस जे नुसते साहाय्य करिते त्यास करण म्हटले नाही. 'साधक' शब्दाला 'तम' प्रत्यय लावून, साहाय्य करणाऱ्या सर्वांत जे अत्यंत उपकारक तेच करण, असे ठरविले. 'रामाने बाणाने वालीस मारिले' हे उदाहरण आम्ही हजार वेळा फळ्यावर लिहिले असेल. त्या 'तम'चे मोल आम्हांस कळले ते मात्र आठ नंबरच्या निपलावर. पकडीनेही निपल फिरते, म्हणजे पक्कड साधक आहेच. साधकतम ती नाही, आणि या दोहोंतील अंतर घाटाच्या वळणावर मोजले जाते.

तेथून कसबा पेठेत तांबट आळीत वाकडी वाट केली, ती केवळ एका शंकेपायी. नाना पेठेत तांब्याचे वायसर नवेच घाला असे निक्षून सांगितले होते. जुने दिसण्यात चांगले असताना असे का? तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यापितळेची भांडी घडत आली आहेत. हातोडीच्या ठोक्यांचा आवाज लांबूनच येतो. एक वृद्ध तांबट बंबाच्या पत्र्यावर मठारकाम करीत बसले होते. आम्ही वायसर दाखविला तसे त्यांनी हातातले काम न थांबविता सांगितले, "तांबं ठोकलं, दाबलं की कडक होतं, गुरुजी. लाल करून गार केलं की पुन्हा मऊ. मऊ असेल तरच ते सांध्यात दबून बसतं." एकदा आवळलेला वायसर कडक झालेला असतो, पुन्हा लावला तर सांधा झिरपण्याचा धोका. पिढ्यान्‌पिढ्या घागरी घडविणाऱ्यास जे ठाऊक, तेच गाडीच्या पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेले होते. "हा किती रुपयांचा?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. "मग नवाच घाला की!" एवढे बोलून त्यांनी पुढचा ठोका घातला.

बुधवार असल्यामुळे मंगळवार पेठेतील जुना बाजार भरलेला होता. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. रस्त्याकडेला पसरलेल्या फडक्यांवर पितळी कुलपांपासून घड्याळांच्या काट्यांपर्यंत सर्व काही असते. येथे आमचा मोह फार अनावर झाला. एक टॉर्क पाना दहाव्या हिश्शाच्या किमतीत समोर पडलेला! परंतु जो पाना कोणाच्या हातून किती वेळा पडला हे ठाऊक नाही, त्याच्या 'टक्' वर मुलाचा जीव कसा ठेवावा? रिंग पान्यांच्या ढिगात निपल घालून पाहिले. सात पान्यांत ते डुलत होते, आठव्यात घट्ट बसले, परंतु त्यास चीर होती. अखेरीस एक एनॅमलची परात, एक तारेचा ब्रश आणि एक व्हर्निअर घेतले. व्हर्निअरचे जबडे मिटून शून्यास शून्य मिळते की नाही आणि मध्ये उजेड दिसतो की नाही, हे पाहूनच पैसे दिले. जुन्या बाजारात काय घ्यावे याचा आम्हांस असा नियम सापडला: ज्या वस्तूचा खरेपणा जागच्या जागी तपासता येतो ती घ्यावी.

पुढील रविवारी अंगणात काम मांडले. आम्ही पुस्तिका मोठ्याने वाचावी आणि नातवाने करावे, अशी वाटणी होती. निपलाभोवती गंज सुटण्याचे तेल आदल्या रात्रीच घातले होते; पॅड काढून ठेवल्यामुळे त्यांवर थेंब जाण्याची भीती नव्हती. सहा कोनी गोटी हलक्या ठोक्याने बसवून मुलाने हळू जोर दिला. आम्ही श्वास रोखून उभे. 'कुर्र' असा आवाज झाला आणि निपल सुटले. ते तुटले असते तर तेथेच थांबून कॅलिपर जाणत्या कारखान्यात न्यावयाचा, असे आमचे आधीच ठरलेले होते. आतून निघालेले ऑइल काढ्यासारखे काळपट होते. ते पाहून मुलगा काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

नवी नळी नव्या वायसरांसह टॉर्क पान्याने आवळली. डिस्कची जाडी व्हर्निअरने मोजली. किमान किती असावी तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. आमची त्याहून जाड निघाली. मग नवे पॅड बसविले, निपलास पारदर्शक नळी लावली आणि हवा काढण्यास आरंभ केला: दांडी दाबून धरावी, निपल उघडावे, बंद करावे, नंतरच दांडी सोडावी, आणि वरची डबी कधीही रिकामी होऊ देऊ नये. नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हा क्रम चालला. निपलाच्या 6 न्यूटन-मीटरसाठी आम्ही शाळामास्तरी हिशेब केला होता. पान्याची लांबी दहा सेंटिमीटर, म्हणजे टोकाशी साठ न्यूटन, सुमारे सहा किलो ओढ. घरातला जुना ताणकाटा पान्याच्या टोकास काटकोनात अडकवून तेवढीच ओढ दिली. मध्ये दोन थेंब गाडीच्या रंगावर पडले. हे ऑइल रंग खाते, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी तत्काळ तांब्याभर पाणी ओतले. मागच्या चाकाच्या ड्रममधील धूळ मुलगा फुंकणार होता, त्याला अडवून ओल्या फडक्याने पुसविली. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ती धूळ फुप्फुसास घातक असते.

दांडी आता दगडासारखी लागत होती. मिनिटभर दाबून धरली तरी खचली नाही. अंगणात, मग गल्लीत, पायी चालण्याच्या वेगाने गाडी थांबवून पाहिली. एवढ्यावर आम्ही घाट सोपविला नाही. गाडी एका चांगल्या कारखान्यात नेऊन अनुभवी माणसाकडून काम तपासून घेतले. त्याने सारे सांधे पाहिले आणि निपलाकडे बघून विचारले, "हे कुणी लावलं?" नातू म्हणाला, "मी." त्या एका अक्षरात आमच्या साऱ्या पायपिटीचे वेतन पोहोचले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या पाठीमागे बसून दिवे घाट उतरलो. घाटमाथ्यावर त्याने आपण होऊन गाडी थांबविली, दांडी दोनदा दाबून पाहिली, गिअर खाली घेतला आणि मालमोटार पुढे जाऊ दिली. हे त्याला आम्ही सांगितलेले नव्हते. खाली मस्तानी तलाव पावसाळ्याच्या पाण्याने भरलेला होता.

पुढे खंडेनवमी आली. आमच्या घरी या सुमारास देवापुढे पोथ्या मांडण्याची चाल; शस्त्र म्हणावे असे घरात विळीपलीकडे काही नव्हतेच. या वर्षी पोथ्यांच्या शेजारी मुलाने ते पाने आणि पेचकस पुसून ठेवले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्यांस हळदकुंकू वाहिले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आम्ही लाल शाईने नोंद केली आहे: ब्रेक ऑइल, दोन वर्षांनी, भाद्रपद. वाचकांपैकी ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर मुठीजवळच्या त्या डबीत एकदा डोकावून पाहावे, एवढीच विनंती.